एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम: १२०, १२७, १४२ की १५०?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका अमेरिकन पाककृतीवरून बनाना ब्रेड केला. त्यात दोन कप मैदा, एक कप साखर, ११३ ग्रॅम लोणी, दोन अंडी, तीन केळी आणि एक चमचा सोडा होता. तुमच्याकडच्या स्टीलच्या २५० मिलीच्या मापाने मैदा आणि साखर घेतली, बाकी सगळं सांगितलं तसंच केलं. ब्रेड गच्च झाला, कापताना भुगा पडला. मग वजनकाटा आणलात, पण एक कप मैद्याचे ग्रॅम शोधायला गेलात तर चार ठिकाणी चार आकडे मिळाले. त्यातला खरा कुठला? आणि निम्मी कणीक वापरली तर हिशोब बदलतो का?

आधी प्रश्नच थोडा फिरवून घेऊ. तुमच्या कपात किती ग्रॅम मैदा बसतो, हे कळून तुमचा ब्रेड सुधारणार नाही. ज्या बाईंनी ती पाककृती लिहिली, त्यांच्या भांड्यात दोन कप म्हणताना प्रत्यक्षात किती मैदा पडला होता, ते ओळखायचं आहे. ‘कप’ ही त्यांनी मागे ठेवलेली खूण आहे. त्या खुणेवरून त्यांच्या ग्रॅमपर्यंत पोहोचायचं, एवढंच आपलं काम. म्हणून ‘खरा आकडा’ सगळ्यांसाठी एकच नसतो. तो त्या पाककृतीपुरता खरा असतो.

हा घोळ मैद्यातच का होतो ते बघा. पाणी दाबता येत नाही. दाणेदार साखर कपात कशीही ओता, अमेरिकन कपात साधारण २०० ग्रॅमच बसते. दहा ग्रॅमचा फरक पडला तरी पुष्कळ. मैद्याच्या कणांमध्ये मात्र भरपूर हवा असते आणि ती जाते-येते. नव्या पिशवीतला, प्रवासात हिंदकळून बसलेला मैदा वेगळा, चाळून मोकळा केलेला वेगळा, आणि डब्याच्या तळाशी महिनाभर दबून राहिलेला आणखी वेगळा. वर्गात मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकाच डब्यातला मैदा एकाच कपाने भरायला लावते आणि प्रत्येकीचा कप काट्यावर ठेवते. कुणाचा ११५ ग्रॅमच्या आसपास येतो, कुणाचा १५०च्याही पुढे जातो. कुणीही शीग ठेवलेली नसते, सगळ्यांनी सुरीच्या पाठीने वरचा मैदा सपाट कापलेला असतो. तरीही एवढा फरक.

सपाट कापायची ही शिस्त जुनी आहे. बोस्टन कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पुस्तकात सपाट कप आणि सपाट चमच्याचा आग्रह धरला आणि अमेरिकेतल्या घराघरांत तो रुजला. त्याआधीच्या ‘चहाचा कपभर’, ‘अक्रोडाएवढं लोणी’ अशा मोजमापांपेक्षा हे कितीतरी बरं होतं. त्याने कपाचा काठ ठरला, पण काठाच्या आत मैदा किती दाबला गेलाय हे काही ठरलं नाही.

आता ते चार आकडे. दोन गोष्टी तपासायच्या: कप किती मिलीचा आणि तो भरला कसा. अमेरिकन कप २३६.६ मिलीचा. तिथे पाकिटांवरच्या पोषणमूल्यांसाठी तो सरळ २४० धरतात. ऑस्ट्रेलियात मेट्रिक कप चालतो, तो २५० मिलीचा. आपल्या बाजारात २४० आणि २५० असे दोन्ही संच मिळतात, आणि बऱ्याच संचांवर नुसतंच ‘१ कप’ लिहिलेलं असतं. भरायच्याही मुख्य दोन पद्धती आहेत. एक, मैदा आधी मोकळा करायचा, चमच्याने हलकेच कपात टाकत जायचा आणि वरून सपाट कापायचा. दुसरी, कपच डब्यात खुपसायचा, भरून वर काढायचा आणि सपाट कापायचा. दुसऱ्या पद्धतीत कप खुपसतानाच मैदा दाबला जातो.

अमेरिकेतली मैद्याची जुनी कंपनी किंग आर्थर पहिल्या पद्धतीने कप भरते आणि १२० ग्रॅम धरते. अमेरिकाज टेस्ट किचन हे पाककृती पुन्हापुन्हा करून तपासणारं तिथलं स्वयंपाकघर दुसऱ्या पद्धतीने भरतं आणि ५ औंस, म्हणजे १४२ ग्रॅम धरतं. दोघांचा कप तोच आहे. आता हीच दोन वजनं २५० मिलीच्या कपावर नेऊ. हा कप अमेरिकन कपापेक्षा साडेपाच टक्क्यांहून जरासा जास्त मोठा. १२०चे होतात १२७, १४२चे होतात १५०. तुम्हाला सापडलेल्या आकड्यांमागची गोम बहुतेक हीच आहे. १२५ आणि १४० हे याच जोड्यांचे गोळाबेरीज केलेले भाऊबंद. कुणीही चूक सांगत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या कपाबद्दल आणि आपापल्या हाताबद्दल बोलत होता.

यावरून तुमच्या ब्रेडचं निदान करता येतं. तुम्ही कप कसा भरलात ते लिहिलेलं नाही, पण ‘मापाने घेतला’ म्हणजे डब्यात कप बुडवून घेतला असं मी धरते, कारण बहुतेक लोक तसंच करतात. २५० मिलीचा कप बुडवून भरला तर दोन कपांचे ३०० ग्रॅम. पाककृती जर १२० ग्रॅमच्या कपाने लिहिलेली असेल तर हवे होते २४०. तुमच्या भांड्यात मैदा सव्वापट पडला. अंडी, लोणी, केळी तेवढीच राहिली. जास्तीच्या ६० ग्रॅम मैद्याने केळ्यातला ओलावा ओढून घेतला, आणि घट्ट झालेलं मिश्रण तुम्ही जरा जास्त घोटलंही असेल, म्हणजे ग्लूटेन, मैद्याला चिवट करणारं प्रथिन, तेही वाढलं. गच्च आणि भुगा पडणारा ब्रेड याहून वेगळा कसा येणार? साखरही मोठ्या कपाने गेली, पण तिचा फरक दहा-अकरा ग्रॅमचा. त्याने काही बिघडलं नाही.

तेव्हा पाककृती लिहिणारीचा कप ओळखायचा कसा? सगळ्यात आधी तिच्याच इतर पाककृती चाळा. पुष्कळ जणी एखाद्या तरी ठिकाणी कपाशेजारी ग्रॅम लिहितात. एकदा ‘२ कप, २५० ग्रॅम’ असं दिसलं की तिचा कप १२५चा, आणि तो तिच्या सगळ्या पाककृतींना लागू. पुस्तक असेल तर सुरुवातीची पानं वाचा, मोजायची पद्धत तिथे सांगितलेली असते. काहीच नसेल तर देश बघा. लेखिका ऑस्ट्रेलियातली असेल तर कप २५०चा, आणि मोठा चमचाही आपल्यासारखा १५ मिलीचा नसून २० मिलीचा. हा चमच्याचा फरक बेकिंग पावडर मोठ्या चमच्याने सांगितली असेल तेव्हा चांगलाच नडतो.

चाळण्याबद्दलचं वाक्यही नीट वाचा. ‘एक कप चाळलेला मैदा’ म्हटलं असेल तर आधी चाळून मग कप भरायचा. त्यात साधारण ११५ ग्रॅमच बसतात. ‘एक कप मैदा घेऊन चाळा’ म्हटलं असेल तर कप आधी भरला गेलाय, म्हणजे १२०पासून १४२पर्यंत काहीही. जुन्या अमेरिकन केकच्या पाककृतींत बहुधा पहिला प्रकार असतो. तीन कपांच्या केकला या एका वाक्याने सहज ५०-७५ ग्रॅमचा फरक पडतो.

आणखी एक खात्रीची तपासणी मी करते ती लोण्यावरून. अमेरिकेत लोण्याच्या कांड्या ठरावीक वजनाच्या मिळतात, एक कांडी म्हणजे अर्धा कप, ११३ ग्रॅम. त्यामुळे पाककृतीतलं लोणी जवळजवळ नेहमी बरोबर असतं. साखरेत फारसा घोळ नाही. अंडीही मोजून. म्हणजे मैदा सोडून बाकीचं वजन पक्कं ठाऊक असतं, फक्त मैद्याच्या जागी १२० आणि १४२ आलटून पालटून घालून बघायचे. साध्या लोण्याच्या केकमध्ये साखर आणि मैदा वजनाने साधारण एकमेकांच्या जवळपास असतात. एका आकड्याने मैदा साखरेपेक्षा फारच पुढे गेला तर तो आकडा मी बाजूला ठेवते. कुकी, बिस्किटं, ‘पाय’ (सारण भरलेली पेस्ट्री) यांना हे लागू नाही, तिथे मैदा जास्तच असतो.

एवढं करूनही पत्ता लागला नाही तर काय? मग कुठल्या बाजूला चुकलेलं परवडेल ते पदार्थावर अवलंबून असतं. केक, मफिन, बनाना ब्रेड यांना मी १२० किंवा १२५ धरते. मैदा थोडा कमी पडला तर केक जरा ओलसर, नाजूक होतो, कधी मध्ये किंचित बसतो, पण खाल्ला जातो. जास्त पडला तर वाचवायला काही उरत नाही. कुकीला परत फिरायची सोय आहे. कमी मैद्याने पीठ मळा, आधी दोनच कुकी भाजा. पसरून चपट्या झाल्या तर उरलेल्या पिठात १५-२० ग्रॅम मैदा मिसळा. पावासाठी उलटं करा. मैदा ठरवून टाका आणि पाणी हातचं राखा. ५०० ग्रॅम मैद्याला ६५ टक्के, म्हणजे ३२५ ग्रॅम पाणी लागणार असेल तर ३०० घालून मळायला घ्या आणि बाकीचं पिठाकडे बघून. पाव करणारे मैदा १०० धरून बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत लिहितात. ती सवय लागली की कप पुन्हा हातात घ्यावासा वाटत नाही.

इथे एक शंका रास्त आहे, वर्गातही हमखास येते: ‘आमच्या आज्या तर वाटीनेच सगळं करायच्या, त्यांचं कसं बिघडलं नाही?’ दोन कारणं आहेत. एक म्हणजे त्या सगळं एकाच वाटीने घेत. वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं. दुसरं, हात मध्ये असायचा. पोळीची कणीक कोरडी वाटली तर पाण्याचा हबका, सैल वाटली तर मूठभर पीठ, आणि कणीक हाताला लागेपर्यंत मळत राहायची मुभा. केकमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. मैदा वाटीने, पण अंडी नगाने आणि सोडा चमच्याने. वाटी बदलली की हे नग आणि चमचे तिच्याबरोबर बदलत नाहीत. आणि मिश्रण एकदा ओव्हनमध्ये गेलं की हात लावता येत नाही. नानकटाई मी आजही वाटीने करायला बिनधास्त सांगते: मैदा, पिठीसाखर, तूप एकाच वाटीचे, आणि शेवटी तूप कमी-जास्त करून गोळा वळेपर्यंत जुळवायचं. स्पंज केकला ती पद्धत सांगणार नाही.

आता तुमच्या कपाची खात्री करून घ्या, कारण कपावर छापलेल्या आकड्यावर माझा भरवसा नसतो. रिकामा कप काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली, घरच्या कामाला एवढी अचूकता पुष्कळ झाली. २३७ ते २४० आले तर अमेरिकन माप, २५० आले तर मेट्रिक. राइस कुकरबरोबर मिळालेला कप असेल तर तो १८० मिलीचा निघेल, तो बेकिंगला घेऊच नका. चहाच्या कपाचं तर बोलायलाच नको.

काटा वापरताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. तो ओट्यावर सपाट, कडक जागी ठेवा, खाली फडकं नको. भांडं ठेवून शून्य, मैदा घालून पुन्हा शून्य, साखर घालून पुन्हा शून्य, असं एकाच भांड्यात सगळं मोजता येतं, आणि धुवायची भांडी कमी होतात हा फायदा तुम्हाला पहिल्याच दिवशी पटेल. फार हळूहळू, चिमटीचिमटीने घालत राहिलात तर बरेच स्वस्त काटे ती बारीक वाढ टिपतच नाहीत, आकडा जागचा हलत नाही. तसं वाटलं तर भांडं उचलून पुन्हा ठेवा. पण भांडं उचलायच्या आधी शून्य केलं होतं की नाही हे लक्षात असू द्या.

सोडा, बेकिंग पावडर, मीठ, यीस्ट यांचं वजन मात्र साध्या काट्यावर करू नका. एक चमचा सोडा पाच-सहा ग्रॅमचा. एका ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा तिथे अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे सहज करतो, आणि सोड्यात तेवढंही चवीला कळतं. ५ मिलीचा मापाचा चमचा घ्या, सपाट कापा. तो इथे काट्यापेक्षा विश्वासाचा. रोज पाव करत असाल तरच ०.१ ग्रॅमचा छोटा काटा घेण्यात अर्थ आहे.

पावसाळ्याचा बाऊ बरेच जण करतात, म्हणून तेही सांगते. मैदा हवेतलं पाणी धरतो हे खरं. मुंबई-कोकणात जुलैत उघडा राहिलेला डबा आणि मेमधला डबा सारखे नसतात. पण मैद्यातला ओलावा दोन टक्क्यांनी वाढला असं धरलं तरी २४० ग्रॅममागे तो फरक पाचेक ग्रॅमचा. कप बुडवून भरण्याचा फरक ६० ग्रॅमचा होता. आधी मोठी गळती बंद करा. पावाच्या पिठाला पाणी राखून घालायची सवय असेल तर पावसाचा हिशोब तिथे आपोआप होतो.

तुमच्या पाककृतीत मैद्याइतकंच वजनाचं महत्त्व आणखी दोन गोष्टींना आहे, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. पहिली अंडी. अमेरिकेतलं ‘मोठं’ अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅम धरतात. आपल्याकडची अंडी बरेचदा त्यापेक्षा लहान असतात. दोन अंड्यांचे १०० ग्रॅम व्हायला हवेत. कमी भरले तर तिसरं अंडं फेटून त्यातलं हवं तेवढंच घाला. दुसरी केळी. ‘तीन मध्यम केळी’ म्हणजे सोलून साधारण ३५० ग्रॅम. जळगावकडची मोठी, चांगली पिकलेली तीन केळी तिथपर्यंत जातील. वेलची केळी घेतलीत तर तीन काय, सहाही पुरायची नाहीत. केळी आणि अंडी दोन्ही कमी पडली असतील तर ते ६० ग्रॅम मैदा आणखीच जड गेले असणार.

म्हणजे पुढच्या खेपेला असं करा: मैदा २४० ग्रॅम, साखर २००, लोणी ११३, अंडी कवचाशिवाय १००, कुस्करलेलं केळं ३५०, सोडा सपाट एक चमचा. मैदा घातल्यावर कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच ढवळा. झालेला ब्रेड बघून पाककृतीच्या कागदावर कप खोडून ग्रॅम लिहा, आणि पुढचे बदल त्या ग्रॅमवरच करा, १० ग्रॅमच्या टप्प्याने. बाकीच्या गोष्टींसाठी अमेरिकन कपाची मी धरते ती वजनं अशी: लोणी २२७, दूध २४५, तेल २१५ ते २२०, मध ३४०, कोको साधारण ८५, पिठीसाखर ११५ ते १२०. कोको आणि पिठीसाखरही मैद्यासारखीच दाबली जाते, तेव्हा तिथे लेखिकेचा आकडा मिळाला तर तोच घ्या. दूध-तेलात कुणाचाही चालेल.

राहिली कणीक. वजनाने हिशोब सोपा आहे: २४० ग्रॅमपैकी १२० मैदा, १२० कणीक. कपाने बदलू नका, कारण कणीक कपात वेगळी बसते. किंग आर्थरचाच तक्ता त्यांच्या अख्ख्या गव्हाच्या पिठाला कपामागे ११३ ग्रॅम धरतो, आणि आपली गिरणीतली कणीक त्यांच्या पिठासारखी दळलेली नसते, म्हणून तो आकडाही उसना घेऊ नका. वजन तेच राहिलं तरी पाणी मात्र तेवढंच पुरणार नाही. कणकेत कोंडा असतो, शिवाय जात्याच्या दगडांत दळताना स्टार्चचे कण जास्त फुटतात, आणि फुटलेले कण पाणी जास्त पितात. पोळी मऊ होते ती त्याचमुळे. १२० ग्रॅम कणकेसाठी दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम दूध जास्तीचं घाला. तुमच्या गिरणीचं पीठ भरड असेल तर एखादा चमचा आणखी लागेल. ते कळायला एक ब्रेड करून बघावाच लागेल.

कणीक मैद्याबरोबर शेवटी टाकू नका. कुस्करलेलं केळं, अंडी, दूध यांत ती आधी कालवा आणि पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे कोंडा भिजतो आणि तोंडात खरखरत नाही. तोवर लोणी-साखर फेटून घ्या, टिनला कागद लावा, ओव्हन १७५ अंशांवर तापवा. सगळं एकत्र करून मैदा आणि सोडा अगदी शेवटी घाला. केळ्यातल्या आंबटपणाने सोडा लगेच काम करायला लागतो, त्यामुळे तो पडल्यावर थांबायचं नाही, लगेच टिनमध्ये ओता आणि ओव्हनमध्ये घाला.